मार खाल्ला म्हणून घडलीस, असं म्हणणाऱ्यांना काय सांगू?

पत्र

आदरणीय ताई,

मी सदतीस वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात माहेरी राहते. लग्नानंतर दहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला आणि शेवटी मुलीला घेऊन निघून आले. सुरुवातीला गावात तोंड दाखवायची चोरी होती. मग शिलाई मशीन घेतलं, पिको-फॉलचं दुकान टाकलं, मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आता बचत गटाची सचिव आहे. पोटगीची केस अजून चालू आहे.

थोरली बहीण म्हणते, "झालं ते बऱ्यासाठीच झालं. तिकडं सुखात असतीस तर चूल आणि मूल यातच राहिली असतीस." मलाही कधी कधी तसं वाटतं. पण रात्री गल्लीत बुलेट थांबली की अजून दरदरून घाम फुटतो. मग मी कसली खंबीर?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. 8 मार्चच्या कार्यक्रमात मी माझी कहाणी सांगावी, असा गटातल्या बायकांचा आग्रह आहे. मुलगी नववीत आहे. ते ऐकून ती गप्प झाली. दुसरं, गल्लीत नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी ब्लाउज शिवायला घेऊन आली. माप घेताना दंडावर वळ दिसले. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही कशा बाहेर पडलात?" मला शब्दच फुटला नाही. माप लिहून घेतलं आणि तिला पाठवलं. तेव्हापासून झोप नाही. भाऊ म्हणतो, पुन्हा पोलीस-कोर्ट आपल्या दारात नको.

– एक वाचक

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या बहिणीचं वाक्य आधी घेते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळं त्यात अडकली आहेत. बहीण मायेनंच बोलली असणार. आपल्या पोरीला आपण इतकी वर्षं तिथं राहू दिलं, ही टोचणी माहेरच्यांनाही असते. 'बऱ्यासाठीच झालं' म्हटलं की ती जरा बोथट होते. त्यांची टोचणी मी समजू शकते, पण त्यांचा हिशेब मला मान्य नाही. मशीन त्या मारानं घेऊन दिलं नाही, आणि दिवसभर पिको करून रात्री बी.ए.चं पुस्तक उघडायची ताकदही त्या घरानं दिली नाही. ते घर सोडल्यानंतरची ही कमाई आहे. ती तुमची आहे, आणि तुम्हाला दुकानासाठी ज्यांनी पैसे दिले, परीक्षेच्या वेळी ज्यांनी मुलीला सांभाळलं, कोर्टाच्या तारखेला जे सोबत आले, त्यांची आहे. दहा वर्षं रोज मार न खाता, घाबरत न झोपता गेली असती, तर तुम्ही कुठं पोहोचला असतात हे कुणालाच कळणार नाही. ते जे बुडालं ते बुडालंच. त्याबद्दल तुम्हाला राग आला, रडू आलं, तर तो कृतघ्नपणा नाही.

याबाबत मी एवढी हट्टी आहे, कारण हे वाक्य तुमच्यापाशी थांबत नाही. 'मारातून बाई घडते' हे एकदा मान्य केलं, की उद्या गल्लीतल्या त्या मुलीला सासू तेच ऐकवणार: सोस, त्या अमकीचं बघ, कशी उभी राहिली. तुमचं यश तिला गप्प बसवायला वापरलं जाईल. म्हणून पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं, तर शांतपणे सांगा, "मी मारामुळं नाही, तिथून निघाल्यामुळं उभी राहिले." वाद घालायची गरज नाही. एवढं एक वाक्य पुरे.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी 1990च्या दशकात मोठ्या संकटानंतर माणसात होणाऱ्या अशा बदलांना नाव दिलं. मराठीत त्याला आघातोत्तर वाढ म्हणता येईल. मोठ्या आघातातून गेलेल्या माणसांत पाच प्रकारचे बदल दिसतात, असं ते मांडतात: स्वतःच्या बळाची जाणीव, इतरांशी अधिक जिव्हाळ्याचं नातं, आयुष्यात नवे रस्ते, साध्या गोष्टींची किंमत कळणं आणि श्रद्धा किंवा जगण्याच्या अर्थाकडं वेगळ्या नजरेनं पाहणं. तुमच्या पत्रात यातले निदान तीन तरी दिसतात. पण त्यांनी आवर्जून सांगितलेल्या दोन गोष्टी आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुविचारांतून गळून पडतात. पहिली अशी की ही वाढ आघातामुळं होत नाही. आघातानंतर माणूस स्वतःशी आणि परिस्थितीशी जी झुंज देतो, त्यातून ती होते. दुसरी म्हणजे, ही वाढ झाली म्हणून त्रास संपत नाही. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी नांदतात. आणि जिच्यात अशी वाढ झाली नाही, जी फक्त जिवंत राहिली आणि लेकरं जगवली, ती कुठंही कमी पडलेली नसते.

बुलेटच्या आवाजाचं कोडं इथंच सुटतं. त्या आवाजानंतर दार उघडायचं आणि मग काय व्हायचं, हे तुमच्या शरीरानं हजारदा अनुभवलं आहे. विचार करायला सवड मिळण्याआधीच ते तुम्हाला सावध करतं. तुम्ही खंबीर आहात की नाही, याच्याशी त्या घामाचा काहीही संबंध नाही. आवाज आला की दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या वस्तूंवर एकेक नजर फिरवा, आज कोणता वार आहे आणि आपण कुठं आहोत हे मोठ्यानं म्हणा. बऱ्याच जणींना एवढ्यानं उतार पडतो. मात्र झोप सलग उडाली असेल, जुने प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडत असतील, दुकानात हात चालत नसतील, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. तिथं जायला जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येतं. माराचं दुखणं हाडांसारखंच मनालाही होतं, त्यावर औषध आणि उपचार आहेत. ते घेण्यात कमीपणा मानू नका.

आता 8 मार्च. तुमच्या मैत्रिणींना तुमचा अभिमान आहे, म्हणूनच त्या आग्रह करताहेत. तरीही मी सांगेन की तुमची कहाणी तुम्ही कुणाचंही देणं लागत नाही. गटाचं नाही, गावाचं नाही, स्त्री चळवळीचंही नाही. एखादीच्या दुःखातून समाज शहाणा होतो, हे खरं आहे, पण त्याची किंमत तिच्याकडूनच वसूल करायची आपल्याला फार सवय आहे. मथुरा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा तो खटला. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पीडितेचं नाव छापू नये, ही तरतूदही त्याच दुरुस्तीतली. म्हणजे पुढच्या सगळ्या मुलींना नावाचं संरक्षण मिळालं, ते त्या मुलीचं नाव देशभर झाल्यावर. तिच्या खटल्यातल्या आरोपींची सुटका मात्र तशीच राहिली. मला त्या आंदोलनाबद्दल नितांत आदर आहे. पण तो आदर ठेवूनही, दर वेळी हा प्रश्न मी विचारते की यात त्या बाईला काय मिळालं? तुम्हीही स्वतःच्या बाबतीत तो विचारा.

बोलावंसं तुम्हाला आतून वाटत असेल, तर जरूर बोला. बोलल्यानं अंगातली लाज झडते, ती ज्याची त्याच्या पदरात पडते. पुण्यात नारी समता मंच या स्त्री संघटनेनं 'बोलते व्हा' या नावानं बायकांसाठी मदत केंद्रच चालवलं, ते उगाच नाही. पण काय सांगायचं आणि काय स्वतःजवळ ठेवायचं, हे घरून ठरवून, कागदावर लिहून जा. मारहाणीचे प्रसंग वगळून, बाहेर पडल्यावर बँकेत खातं कसं उघडलं, पोटगीचा अर्ज कसा केला, मुलीच्या शाळेचा दाखला आणताना काय अडचण आली, एवढंच सांगितलंत तरी समोरच्या बायकांना त्याचा जास्त उपयोग होईल. कुणीही मोबाइलवर व्हिडिओ काढायचा नाही, ही अट आधीच घाला आणि सूत्रसंचालन करणारीकडून ती जाहीर करून घ्या. केस चालू आहे, त्यामुळं आधी तुमच्या वकिलांच्या कानावर घाला. सभेत बोललेलं उद्या समोरच्या बाजूच्या हातात पडू शकतं.

आणि मुलीला विचारल्याशिवाय काहीही ठरवू नका. ती त्या घरात होती. तुमच्या कहाणीत तीही आहे आणि तिला त्याच गावातल्या शाळेत रोज जायचं आहे. ती गप्प झाली, त्याचा अर्थ तुम्ही लावत बसू नका. स्वयंपाक करताना किंवा शेतावर जाताना, समोरासमोर न बसता विचारा, "मी बोललेलं तुला चालेल का? तुझ्याबद्दल काहीच सांगायचं नाही असं ठरवलं तर?" या वयात मुलांना डोळ्यांत बघून बोलायला जड जातं. ती 'नको' म्हणाली तर या वर्षी नको. तिला लगेच उत्तर देता आलं नाही, तरीही या वर्षी नको. तिनं नकार दिला आणि आईनं तो ऐकला, हेही तिच्या वाढीतलंच आहे. ज्या घरात कुणाच्याच 'नको'ला किंमत नव्हती, तिथून ती आली आहे.

गल्लीतल्या मुलीबद्दल मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे, कारण तिथं वेळ हातात नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तिनं विचारायला तुमचंच दुकान निवडलं, हीच मोठी गोष्ट आहे. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या बायकांपैकी फक्त 14 टक्के जणींनी मदत मागितल्याचं दिसलं. तीन चतुर्थांशांहून जास्त जणींनी मदत तर मागितली नव्हतीच, कुणाला सांगितलंही नव्हतं. तिनं माप देता देता विचारलं, म्हणजे ती दारापर्यंत आली आहे.

ब्लाउज घ्यायला येईल तेव्हा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसेल, अशी वेळ तिला द्या. सोबत सासू किंवा नणंद आली, तर विषय काढू नका, फिटिंगला परत बोलवा. एकटी असेल तर एवढंच म्हणा, "त्या दिवशी तू विचारलंस. आज बोलायचं असेल तर मी ऐकते." मग ऐका. 'इतके दिवस कशी राहिलीस' हे विचारू नका, तुम्हाला तो प्रश्न किती लागायचा ते आठवा. 'आजच निघ' असंही सांगू नका. बाई घर सोडते तेव्हा आणि त्यानंतरचे दिवस फार धोक्याचे असतात, म्हणून निघणं तिच्या सोयीनं, तयारीनं व्हायला हवं. तिच्या नवऱ्याला समजावायला जाऊ नका आणि गावातल्या पुढाऱ्यांची समझोत्याची बैठक तर मुळीच लावू नका. 'भांड्याला भांडं लागायचंच' म्हणून तिला परत पाठवतील, आणि तिनं बाहेर सांगितलं हे नवऱ्याला कळलेलं असेल.

तिला काही नेमक्या गोष्टी मात्र विचारा. कधी गळा दाबला का? जाळून टाकीन, मारून टाकीन अशी धमकी दिली का, हत्यार दाखवलं का? मार वाढत चाललाय का? तिला दिवस गेलेत का? गळा दाबल्याचं तिनं सांगितलं, तर ते साधं भांडण समजू नका, जिवावरचं संकट समजा, मग अंगावर खूण असो वा नसो. अशा वेळी थांबायचं नाही. 112 वर पोलीस, 181 वर महिला हेल्पलाइन. हे दोन आकडे तिच्या पाठ असू द्यात, मोबाइलमध्ये नावानं साठवू नयेत. तेवढा धोका नसेल तर तयारीला लागा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, दागिन्यांच्या पावत्या, यांच्या झेरॉक्स तिच्या माहेरच्या एखाद्या भरवशाच्या माणसाकडं पोहोचू द्या. लग्नाची नोंदणी नसेल तर पत्रिका आणि फोटो फार उपयोगी पडतात. कागद तुमच्या दुकानात ठेवू नका, एकाच गल्लीत ते धोक्याचं आहे. आणि लागलं-खुपलं तर सरकारी दवाखान्यात जाऊन 'पडले' म्हणून सांगू नकोस, जे झालं तेच केसपेपरवर लिहून घे, असं तिला बजावा. पुढं कोर्टात तो एक कागद पुष्कळ बोलतो.

कायदा तिच्या बाजूनं आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. घर सासऱ्याच्या नावावर असो की नवऱ्याच्या, ती जिथं नांदते तिथं राहण्याचा हक्क तिला कलम 17 देतं. संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळं एकाच अर्जातून मागता येतं. सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यापासून करायची. ते घटनेचा अहवाल भरून घेतात, ज्याला कचेरीत सगळे डीआयआर म्हणतात. पोलिसांत गुन्हाच दाखल करायचा असेल, तर नवरा-सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं पूर्वीचं कलम 498-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे. पण गुन्हा दाखल न करताही 2005च्या कायद्याखाली मदत मिळते, हे तिला सांगा. पुष्कळ मुली 'नवरा तुरुंगात जाईल' या भीतीनंच गप्प बसतात. वकिलाची फी हा प्रश्न नाही. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, क्रमांक 15100. टाटा समाजविज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांच्या सोबतीनं महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला. असे कक्ष आता राज्यात इतर जिल्ह्यांतही आहेत. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटते, म्हणून मला तो रस्ता अनेकींसाठी बरा वाटतो.

भावाची भीती अगदीच खोटी नाही. त्यानंही तुमच्यासोबत कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असतील. त्याला सांगा की याच कायद्याच्या कलम 4 नुसार, कुठंतरी हिंसा होतेय असं वाटणारी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूनं कळवल्याबद्दल तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तिला तुमच्या घरी आणून ठेवू नका, त्यासाठी शासकीय निवारागृहं आहेत. तिला रस्ता दाखवणं आणि तिचा संसार आपल्या अंगावर घेणं यात अंतर ठेवा. तिचं ऐकून तुमची रात्र जुन्या आठवणींत जायला लागली, तर दुसऱ्या दिवशी हे काम गटातल्या दुसऱ्या बाईच्या हाती द्या. हे पळून जाणं नाही.

आणि खरं तर हे काम तुमच्या एकटीचं असूही नये. तुमच्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, 1980च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना एकत्र आणलं होतं. कासेगावच्या स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर त्यात पुढं होत्या. त्या बायकांनी व्यासपीठावर नुसती दुःखं सांगितली नाहीत. आपल्या नावाचं वेगळं रेशन कार्ड द्या, अशी मागणी केली. नवऱ्याच्या कार्डावरून नाव गेलं आणि भावाच्या कार्डावर चढलं नाही, तर बाईला धान्यच मिळत नाही, हे त्यांनी सोसलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपलंच नशीब. एकत्र बसल्यावर कळलं की ही सरकारी कार्डाच्या नियमाची भानगड आहे, आणि नियम बदलता येतो. सामाजिक वाढ म्हणतात ती मला इथं दिसते. एकीच्या धैर्याला टाळ्या वाजवून सगळ्या घरी गेल्या, तर गाव होतं तिथंच राहतं.

म्हणून गटाला भाषणाऐवजी दुसरं काहीतरी द्या. पुढच्या मासिक बैठकीत विषय मांडा: आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना 8 मार्चला बोलवायचं, त्यांचा क्रमांक दवाखाना, अंगणवाडी आणि पिठाच्या गिरणीत लावायचा, कुणा बाईला रात्री निघावं लागलं तर गाडीभाड्यासाठी गटाच्या अंतर्गत निधीतून थोडी रक्कम बाजूला ठेवायची, आणि तालुक्याला सोबत कोण जाईल त्या दोघी-तिघींची नावं ठरवायची. त्या दोघी-तिघींत तुमचं नाव असलंच पाहिजे असं नाही. सचिव म्हणून इतिवृत्त तुम्हीच लिहिता, तेव्हा ठराव नीट नोंदवून घ्या आणि अध्यक्षांची सही त्याच बैठकीत घ्या. त्यात गल्लीतल्या मुलीचा उल्लेख कुठंही, आडून-आडूनसुद्धा, येऊ देऊ नका. गटाच्या वह्या घरोघर फिरतात.